हिरड्यांचा उपचार झाला. आता ज्येष्ठ ते ज्येष्ठ वर्षाची आखणी

डीप क्लीनिंग (म्हणजे हिरडीखालची खोल साफसफाई) झालं, हिरड्यांची सूज उतरली, ब्रशला रक्त लागायचं थांबलं, की दवाखान्याची फाईल कपाटात जाते. हिरड्यांच्या आजारात सर्वांत जास्त नुकसान होतं ते इथून पुढे. पहिल्या दोन-चार बैठकांनी आजार थांबतो. दात टिकतात ते त्यानंतर दर तीन महिन्यांनी ठरल्या तारखेला दाखवायला गेल्याने. ज्यांचा उपचार नुकताच संपला आहे त्यांच्यासाठी, आणि गावी आईवडिलांच्या दातांची काळजी घेणाऱ्यांसाठी, या पुढच्या वर्षात काय कसं करायचं ते इथे दिलं आहे.

तीन महिनेच का

हिरड्यांच्या आजाराच्या दोन पायऱ्या असतात. पहिलीत फक्त हिरडी सुजते. ती पूर्ण बरी होते. दंतसंशोधक हेराल्ड लोए यांनी १९६५ साली हे सिद्ध केलं: निरोगी तरुणांनी दात घासणं थांबवलं तेव्हा दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या, आणि पुन्हा घासायला लागल्यावर आठवड्याभरात ठीक झाल्या. दुसरी पायरी म्हणजे आपण ज्याला पायोरिया म्हणतो ती. यात दाताला धरून ठेवणारं हाड झिजतं, हिरडी दातापासून सुटते आणि मध्ये खिसा तयार होतो. दवाखान्यात त्याला पॉकेट म्हणतात. झिजलेलं हाड बहुतेक ठिकाणी परत येत नाही. उपचाराने झीज थांबते, पण आजाराची शक्यता अंगात राहतेच. म्हणून एकदा पायोरिया झालेल्या माणसाने आयुष्यभर लक्ष ठेवायचं असतं, मधुमेहावर ठेवतात तसं.

खाडीकाठी खारजमीन कसणाऱ्यांना हे पटकन समजेल. खारबांध एकदा घालून भागत नाही. खेकडे आतून भोकं पाडत राहतात, वरून बांध धडधाकट दिसतो, आणि एका उधाणाला पाणी शेतात येतं. पॉकेटमध्येही असंच होतं. डीप क्लीनिंगनंतर तळाशी उरलेले जंतू हळूहळू वाढतात आणि साधारण दोन-तीन महिन्यांत त्यांची वस्ती पूर्वीसारखी व्हायला लागते. घरचा कुठलाही ब्रश हिरडीखाली दोन-अडीच मिलिमीटरच्या पलीकडे नीट पोचत नाही. त्यामुळे पाच-सहा मिलिमीटरच्या पॉकेटचा तळ कितीही मन लावून घासलं तरी तसाच राहतो. तो जंतूंच्या वाढीचा काळ पुरा व्हायच्या आत दवाखान्यातच साफ करावा लागतो.

याचा सगळ्यांत स्पष्ट पुरावा स्वीडनमधून आला. अ‍ॅक्सेलसन आणि लिंढे या दंतसंशोधकांनी १९८१ साली सहा वर्षांच्या पाहणीचे निष्कर्ष मांडले. सगळ्या रुग्णांचा हिरड्यांचा उपचार आधी पूर्ण झालेला होता. एका गटाला पहिली दोन वर्षं दर दोन महिन्यांनी आणि पुढची चार वर्षं दर तीन महिन्यांनी बोलावून साफसफाई केली, घासणं पुन्हा पुन्हा शिकवलं. दुसऱ्या गटाला त्यांच्या नेहमीच्या दंतवैद्याकडे परत पाठवलं. सहा वर्षांनी पहिल्या गटाच्या हिरड्या उपचारानंतर जिथे होत्या तिथेच टिकल्या होत्या. दुसऱ्या गटात आजार परतला होता. मूळ उपचार झालेलाच होता, फरक पडला तो नंतरच्या देखभालीने.

पहिली पायरी: आपले आकडे मागून घ्या

डीप क्लीनिंगनंतर आठ ते बारा आठवड्यांनी फेरतपासणी होते. ती चुकवू नका, कारण पुढचं सगळं तिच्यावर ठरतं. डॉक्टर मिलिमीटरच्या खुणा असलेली बारीक सळई, म्हणजे प्रोब, प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हलकेच घालून खोली मोजतात. अठ्ठावीस दात असतील तर १६८ आकडे. १ ते ३ मिलिमीटर ठीक. ४ म्हणजे लक्ष ठेवायची जागा. ५ आणि त्यावर, आणि त्यातून रक्तही येत असेल, तर तिथलं काम अजून संपलेलं नाही. ६ आणि त्याहून खोल पॉकेट तसंच राहिलं तर तो दात पुढे गमावण्याचा धोका वाढतो. तिथे पुन्हा साफसफाई किंवा हिरडीची छोटी शस्त्रक्रिया सुचवतात.

या तपासणीच्या शेवटी चार गोष्टी कागदावर लिहून घ्या: ५ मिलिमीटर किंवा अधिक खोलीचे दात कोणते, किती जागांतून रक्त आलं, कोणता दात हलतो, आणि पुढची तारीख. तक्त्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा. मुंबई-ठाण्यात राहणाऱ्या आणि कधी तिकडे, कधी गावी दाखवणाऱ्या चाकरमान्यांना तर हा फोटो फारच उपयोगी पडतो. जुने आकडे समोर नसले तर नव्या डॉक्टरांना ५ दिसेल, पण ते ७ वरून ५ वर आलंय की ४ वरून ५ वर गेलंय हे कळणार नाही. पहिलं आनंदाचं आहे, दुसरं धोक्याचं.

दुसरी पायरी: वर्षाच्या चार तारखा

आजारातून उठल्यावर पहिलं वर्षभर जवळजवळ सगळ्यांना तीन महिन्यांचं अंतर लागतं. कोकणात हे लक्षात ठेवायला सोपं आहे, कारण ज्येष्ठ, भाद्रपद, मार्गशीर्ष आणि फाल्गुन हे बरोबर तीन-तीन महिन्यांच्या अंतरावर येतात.

ज्येष्ठातली तारीख मृगाचा पाऊस लागायच्या आत उरका. एकदा धो-धो सुरू झाला की वाडीवरून तालुक्याला जाणं पुढे ढकललं जातं, आणि जूनचं काम श्रावणात जातं. मासेमारी करणाऱ्यांसाठी मात्र जून-जुलैचा बंदीकाळ सर्वांत चांगला. डीप क्लीनिंगच्या दोन-चार बैठका सलग करायच्या असतील तर होड्या किनाऱ्याला असताना करून घ्या.

भाद्रपदात गणपतीच्या तोंडावर दवाखान्यातही गर्दी असते. फोन श्रावणातच करा आणि गणपती घरी यायच्या आठ-दहा दिवस आधीची वेळ घ्या. गावी वयस्कर आईवडील असतील आणि त्यांना एकट्याने जाणं जमत नसेल, तर चाकरमान्यांनी सुट्टीचा एक दिवस त्यांच्या दातांसाठी राखून ठेवावा. तेव्हा त्यांची वेळ गौरीविसर्जनानंतरची घ्या. मार्गशीर्षात भातकापणी, झोडणी आटोपलेली असते. पण गुरुवारचा उपवास करत असाल तर तो दिवस टाळा. मधुमेह असलेल्याने या भेटीला नेहमीसारखं खाऊन आणि औषध घेऊनच यायचं असतं. फाल्गुनातली भेट पालखी घरी येण्याआधी, आणि आंबा बागायतदारांनी तर काढणी सुरू व्हायच्या कितीतरी आधी.

अधिक मास आला की हे गणित एका महिन्याने लांबतं. म्हणून इंग्रजी तारीखही भिंतीवरच्या कॅलेंडरवर गोल करून ठेवा.

वर्षानंतर अंतर वाढवायचं की नाही ते आकडे ठरवतात. एकही पॉकेट ४ मिलिमीटरपेक्षा खोल नाही, रक्त दहा टक्क्यांहून कमी जागांतून येतं (१६८ पैकी फार तर सोळा), तंबाखू नाही, साखर ताब्यात आहे, असं असेल तर चार, मग सहा महिने. खोल पॉकेट उरलेत, तंबाखू चालू आहे किंवा एचबीएवनसी (रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी) ७ च्या वर आहे, तर तीन महिनेच, काही वेळा दोन. दुखत नाही म्हणून अंतर वाढवू नका. हा आजार बहुधा शेवटपर्यंत दुखत नाही.

भेटीत काय व्हायला हवं

पूर्ण देखभालीच्या भेटीला पाऊण ते एक तास लागतो. दहा मिनिटांत समोरचे दात चमकवून सोडलं, तर ती ही भेट नव्हे. क्रम साधारण असा असतो. आधी तब्येतीतले बदल विचारतात: नवीन औषध, साखर, रक्तदाब, गरोदरपण. रक्तदाबासाठी अम्लोडिपीन चालू असेल तर आवर्जून सांगा, काहींच्या हिरड्या त्याने फुगतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर त्या स्वतःच्या मनाने बंद करून येऊ नका, फक्त चिठ्ठी दाखवा. मग प्रोबने मोजमाप. मग कुठे थर राहतोय ते रंग लावून दाखवतात. आरशात बघा, कारण प्रत्येकाच्या सुटणाऱ्या जागा ठरलेल्या असतात. बहुतेकांच्या खालच्या दाढांची जिभेकडची बाजू आणि शेवटच्या दाढेची मागची बाजू सुटते. त्यानंतर कीटण काढणं, रक्त येणाऱ्या खोल जागा मुळापर्यंत साफ करणं (गरज पडली तर त्या भागाला भूल देऊन), पॉलिशिंग, आणि मुळं उघडी असतील तर फ्लोराइडचा लेप. एक्स-रे प्रत्येक वेळी लागत नाही.

मोजमाप झालं नाही तर विचारा: "डॉक्टर, मागच्या वेळचे पाच-सहाचे दात आज किती आले?" हा प्रश्न विचारायला अजिबात संकोच करू नका.

खासगी खर्च झेपत नसेल तर जिल्हा रुग्णालयात आणि बऱ्याच उपजिल्हा रुग्णालयांत दंत विभाग असतो. रत्नागिरी जिल्ह्यात खेडला दंत महाविद्यालय आहे. मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि नायर दंत रुग्णालय इथे हिरड्यांचा स्वतंत्र विभाग आहे. तिथे वेळ जास्त लागतो, पण विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली एकेक जागा मोजतात.

घरचं रोजचं काम

ब्रश मऊ. केस हिरडीच्या कडेला तिरके, साधारण ४५ अंशांवर टेकवायचे, अर्धे दातावर आणि अर्धे हिरडीच्या काठावर. जागच्या जागी दहा-बारा वेळा हलकं थरथरवायचं, मग दाताच्या टोकाकडे ओढायचं आणि पुढच्या दोन दातांवर जायचं. सकाळी आणि रात्री, दोन-दोन मिनिटं. रात्रीचं घासणं जास्त महत्त्वाचं, कारण झोपेत लाळ कमी सुटते. केस फाकले की ब्रश बदला, नाहीतर तीन महिन्यांनी, म्हणजे दर भेटीला नवा.

पेस्टच्या ट्यूबवर फ्लोराइड सुमारे १००० पीपीएम लिहिलं आहे का ते बघा. उपचारानंतर हिरडी आकसते आणि मुळाचा भाग उघडा पडतो. त्यावर इनॅमल नसतं, त्यामुळे तो लवकर किडतो. अनेक वनौषधी पेस्टमध्ये फ्लोराइड नसतंच. कोकम सरबत, कैरी, चिंच खाल्ल्यावर लगेच घासू नका; साध्या पाण्याने चूळ भरा आणि अर्ध्या तासाने घासा.

ब्रशपेक्षाही महत्त्वाचं काम दोन दातांच्या फटीतलं आहे, कारण हा आजार बहुधा तिथेच सुरू होतो. फट उघडी असेल तर इंटरडेंटल ब्रश, म्हणजे बाटली धुवायच्या ब्रशचं छोटं रूप. तो फटीत किंचित घट्ट बसला पाहिजे. सैल असेल तर साफ होत नाही, फार घट्ट असेल तर तार मुळाला घासते. एका तोंडात दोन-तीन मापं लागू शकतात: पुढे बारीक, दाढांना जाड. मापं दवाखान्यातच ठरवून घ्या आणि रंग लिहून ठेवा. पेस्ट न लावता, रोज रात्री एकदा, प्रत्येक फटीत चार-पाच वेळा आत-बाहेर. वाकडी झालेली तार तशीच वापरू नका. तालुक्याच्या औषधाच्या दुकानात हवं ते माप नेहमी मिळतंच असं नाही. मुंबईहून कोणी येत असेल तर तीन महिन्यांचे एकदम मागवून ठेवा. फट बंद असेल तिथे फ्लॉस, म्हणजे दोन दातांमध्ये सरकवायचा बारीक दोरा.

पहिले चार-पाच दिवस फटीतून रक्त येईल. ते बघून बहुतेक जण थांबतात, आणि तीच सर्वांत मोठी चूक. सुजलेली हिरडी रक्त देते. साफ होत राहिली की आठवड्या-दोन आठवड्यांत थांबते. त्यानंतरही एकाच जागेतून येत राहिलं तर ती जागा डॉक्टरांना दाखवा.

क्लोरहेक्सिडीनचं माउथवॉश (०.२ टक्के, १० मिली, दिवसातून दोनदा, अर्धा ते एक मिनिट) डॉक्टरांनी सांगितलं तरच, आणि साधारण दोन आठवडे. पेस्टनंतर अर्धा तास जाऊ द्या, नाहीतर त्याचा गुण कमी होतो. महिनोन्‌महिने वापरलं तर दात तपकिरी होतात, तोंडाची चव जाते, आणि पॉकेटच्या तळाशी ते पोचत नाहीच. कोमट मीठपाण्याच्या गुळण्यांनी साफसफाईनंतरचे एक-दोन दिवस बरं वाटतं. त्याहून जास्त अपेक्षा त्याकडून ठेवू नका.

कुठे बिघडतं

मशेरीपासून सुरुवात करू, कारण किनारपट्टीच्या घराघरांत, विशेषतः बायकांमध्ये, ती अजून आहे. तव्यावर भाजलेली तंबाखूच ती. मशेरीने हिरड्या घट्ट होतात असं वाटतं, त्यामागे कारण आहे: निकोटीनने रक्तवाहिन्या आकसतात, रक्त कमी दिसतं, सूज लपते. आत हाड मात्र झिजत राहतं आणि उपचारानंतर हिरडी भरून यायलाही वेळ लागतो. मशेरी लावणाऱ्यांनी "रक्त येत नाही" या खुणेवर विसंबू नये. त्यांच्यासाठी फक्त मिलिमीटरचे आकडे खरे. सोडायचं मनात असेल तर १८००-११२-३५६ हा राष्ट्रीय तंबाखूमुक्ती सेवेचा मोफत क्रमांक आहे. सकाळच्या मशेरीच्या जागी लगेच ब्रश हातात घेतला तर सवय मोडणं थोडं सोपं जातं. गुटखा-सुपारीने तोंड कमी उघडायला लागलं असेल तर मागच्या दाढांपर्यंत ब्रश पोचत नाही. अशांनी लहान डोक्याचा ब्रश घ्यावा आणि तोंड कमी उघडण्याची तक्रार वेगळी दाखवावी.

"साफ केल्यावर दातांत फटी पडल्या, दात हलायला लागले" ही तक्रार दर गावात ऐकू येते, आणि तिच्यामुळे कितीतरी माणसं पुढच्या भेटीला जात नाहीत. फट कीटणाने भरलेली होती, म्हणून दिसत नव्हती. सूज उतरली की हिरडी मुळाकडे सरकते आणि फट उघडी पडते. दात आधीच हलत होते. कीटण त्यांना एकमेकांना चिकटवून धरत होतं. सुरुवातीचे काही आठवडे दात जास्त हलल्यासारखे वाटतात, मग बरेचसे स्थिरावतात. थंड-आंबट झोंबणं त्याच काळातलं. पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट रात्री बोटाने मुळावर लावून ठेवली तर दोन ते चार आठवड्यांत फरक पडतो.

हिरडी सुजली की औषधाच्या दुकानातून अँटिबायोटिक आणून तीन दिवस खायची, ही सवय सोडा. सूज उतरते, आतलं कीटण तसंच राहतं, आणि महिन्या-दोन महिन्यांत त्याच जागी पुन्हा फुगतं. दर वेळी थोडं हाड जातं.

आणि मासे. तारल्या-पेडव्यांचा बारीक काटा किंवा रायवळ आंब्याचा धागा पॉकेटमध्ये शिरला तर एका रात्रीत गळू होऊ शकतं. खराट्याची हीर, टाचणी, बांगडीतली सेफ्टी पिन घालून कोरू नका. आधी जोरात चूळ, मग फ्लॉस किंवा इंटरडेंटल ब्रश हळूच. दिवसभरात निघाला नाही तर दवाखाना. कोळसा, राखुंडी, मीठ-वीटकरीची पूड यांनी उघड्या मुळावर खाच पडते. ती भरावी लागते.

मधुमेहाचा संबंध दोन्ही बाजूंनी आहे. साखर वाढली की हिरड्या लवकर बिघडतात, आणि हिरड्यांचा उपचार नीट झाला तर एचबीएवनसी साधारण ०.३ ते ०.४ ने खाली येतो. म्हणून दर तीन महिन्यांची साखरेची तपासणी आणि दातांची तारीख एकाच फेरीत ठेवा. एसटीचा एक हेलपाटा वाचतो.

तारखेची वाट बघू नका

पुढची तारीख लांब असली तरी हे दिसलं तर दोन-तीन दिवसांत जा: हिरडीवर फुगा किंवा पू, एखादा दात अचानक जास्त हलणं, चावताना तो उंच लागणं, समोरच्या दातांत नवी फट, तोंडाला सतत वाईट चव. चेहऱ्यावर सूज आणि सोबत ताप किंवा गिळायला त्रास असेल तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, जवळच्या रुग्णालयात.

एखादी तारीख चुकली, पाऊस म्हणून किंवा घरातल्या कार्यामुळे, तर पुढच्या तिमाहीची वाट न बघता पहिली मिळेल ती वेळ घ्या. सहा महिने गेले असतील तर फोनवरच तसं सांगा, म्हणजे तुमच्यासाठी तासाभराची वेळ ठेवतील आणि पूर्ण तक्ता नव्याने मोजतील. जुना तक्ता सोबत न्या. जिथे आकडा दोनने वाढला असेल तिथे पुन्हा भूल देऊन खोल साफसफाई होईल, आणि त्या दातांपुरतं तीन महिन्यांचं मोजणं त्या दिवसापासून परत सुरू होईल.